व्हिनाइलची मॅट, चौदा महिने आणि एक फुकटचं पायपुसणं

सगळ्यात आधी, खालच्या खोलीत फरशीवर अंथरलेल्या व्हिनाइलच्या मॅटवर जो डाग पडलाय, त्याबद्दल लिहितो. बाकीचं त्याच्यापुढं किरकोळ आहे.

दारातून आत आलं की हातभर अंतरावर, दीड फूट रुंद, अडीच फूट लांब, चारी कोपरे गुण्यात, म्हणजे अगदी काटकोनात, दोनदा उकळलेल्या चहाच्या चोथ्याच्या रंगाचा. फिकट सागवानी डिझाइनच्या मॅटवर तो इतका ठळक दिसतो की नवा माणूस आत येताना त्याला ओलांडून येतो. खाली काही तळघर-बिळघर आहे का, असं एका पाहुण्यानं खरंच विचारलं.

आता खरेदीची हकीकत. घर सांगलीत, गावभागात. खालची खोली जुन्या शहाबादी फरशीची. २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा या खोलीत ते छातीला लागत होतं. प्लायवूडचं कपाट पुरीसारखं टम्म फुगलं. २०२१ ला परत तेच. तेव्हापासून खालच्या खोलीत लाकूड नको, प्लाय नको, असा घरचा कायदा. पण आई ब्याऐंशीची. थंडीत शहाबादीवर पाय टेकला की कळ मस्तकात जाते म्हणते. टाइल्स बसवायच्या तर फरशी उखडा, गवंडी शोधा, महिनाभर घरात धुरळा. आणि मला हवं होतं असं काहीतरी, जे पाणी चढायला लागलं तर गुंडाळून माडीवर नेता येईल.

शंभर फुटी रस्त्यावरच्या एका दुकानात दोन मिलिमीटर जाडीची व्हिनाइल मॅट मिळाली, ३८ रुपये चौरस फूट. गुंडाळीचा पन्हा साडेसहा फूट आणि आमची खोली १३ बाय १०. म्हणजे दहा-दहा फुटांचे दोन पट्टे, चिंधीसुद्धा वाया नाही. हा हिशोब जुळला आणि माझा विचार करायचा थांबला. ४,९४० रुपये मॅटचे, ८०० कारागिराचे. अर्धा तास घासाघीस केली, दुकानदार रुपया सोडेना. शेवटी म्हणाला, "काका, रेट काय होत नाही कमी, पण हे न्या आमच्याकडून," आणि काळ्या रबराचं पायपुसणं पिशवीत टाकलं. त्यावर २५० चं लेबल होतं. घरी पोचेपर्यंत हिला मी ते तीनदा सांगितलं.

दिवाळीच्या आठ दिवस आधी मॅट बसली. कारागिरानं पट्टे आदल्या दिवशीच उलगडून ठेवायला सांगितले होते, नाहीतर गुंडाळीचं वळण जात नाही आणि कडा वर येतात. ते ऐकलं, बरं झालं. शहाबादीच्या सांध्यांत पुट्टी भरायलाही सांगितलं होतं. ते ऐकलं नाही, तीनशे रुपये वाचवले. आज तिरप्या उजेडात बघितलं की मॅटखालची प्रत्येक फरशी मोजता येते. शिवाय जुन्या घराच्या भिंती कधी समांतर नसतात. एका टोकाला खोली तेरा फूट दोन इंच निघाली. ती दोन इंचांची फट आता ट्रंकेखाली आहे आणि तिचा विषय घरात निघत नाही.

पहिले पंधरा दिवस वास होता, नव्या रेनकोटासारखा. खिडक्या उघड्या ठेवून गेला. त्यानंतरचे सहा महिने मी या मॅटचा प्रचारकच होतो. आईचे पाय गार पडायचे थांबले. पोछा एका हातानं होतो. तेल सांडलं, पुसलं. उदबत्तीचं फूल पडलं तिथं बारीक खळगा झाला, पण जळत गेलं नाही. कॉटच्या लोखंडी पायांचे खड्डे पडले आणि ते भरून येत नाहीत, तेव्हा पायाखाली लाकडाचे तुकडे ठेवा. गरम कुकर थेट ठेवू नका. हे सगळं मी एका वाक्यात सांगून मोकळा होतो, कारण या चुका आमच्या होत्या.

एकदा मात्र धस्स झालं. मार्चमध्ये नवी हळद दळून आणली आणि डबा खिडकीखाली उपडा झाला. गडबडीत हिनं ओल्या फडक्यानं पुसलं. पोळपाटाएवढा पिवळाधमक डाग. सांगलीची हळद, २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते काय उगीच नाही. साबण झाला, सोडा झाला, डाग जागचा हलेना. मी मॅट मनातून गेली असं धरलं. पण त्या जागी सकाळचं ऊन येतं, आणि तीन आठवड्यांत डाग आपोआप विरत गेला, गुढीपाडव्यापर्यंत पत्ताच नाही. त्या आनंदात मी गल्लीतल्या तीन घरांना ही मॅट घ्यायला सांगितली. दोघांनी घेतलीही. ते आता समोरून येताना दिसले की मी चिंचेच्या झाडाकडं बघतो.

एप्रिलच्या उन्हात दोन पट्ट्यांमधला सांधा उघडला. कारागीर यायचे चारशे मागत होता. तासगावचा मेव्हणा द्राक्षवाला, त्याच्याकडं शेतातल्या पाइपलाइनचं सोल्युशन असतंच. तो म्हणाला, "दाजी, पाइपबी पीव्हीसी, मॅटबी पीव्हीसी, चिकटल की." डबीतलं उरलेलं सोल्युशन मी ब्रशनं लावलं. चिकटलं, आणि असं चिकटलं की आता सुटणार नाही. फक्त ब्रश जिथं सांध्याबाहेर गेला तिथं मॅटचा वरचा थर विरघळून गोगलगाय फिरल्यासारखा चकचकीत पट्टा उमटला. चारशे वाचले.

मग जुलै आला. सांगलीत पाणी चढायला लागलं की माणसं घड्याळाऐवजी आयर्विन पुलाचे आकडे बघतात. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. आम्ही वाट बघत बसलो नाही. पट्टे आता सोल्युशननं जोडलेले, त्यामुळं आख्खी मॅट एकच झाली होती, तीस-पस्तीस किलोची. मी, मुलगा आणि शेजारचे दोघे मिळून ती वळकटी जिन्यानं वर नेताना मेव्हण्याची फार आठवण झाली. पाणी काही आलं नाही, आठ दिवसांनी मॅट परत खाली. उचलली तेव्हा खालच्या बाजूला ओल धरून काळी बुरशी आली होती. शहाबादी पावसाळ्यात घाम सोडते, तो वर जायला जागा नाही. फिनेलनं पुसली, वाळवली, गेली.

पण पायपुसणं उचललं त्या जागी, नेमक्या त्याच मापाचा, फिकट पिवळट चौकोन. मला वाटलं धूळ असेल. पुसला. पुढच्या महिन्याभरात तो पुसून पुसून गडद होत गेला. साबण, लिंबू, खाण्याचा सोडा, चिंच, रॉकेल, सगळं करून झालं. सुनेचं नेलपॉलिश काढायचं पाणी लावलं, तर डाग तसाच आणि वरची चमक गेली.

दुकानात गेलो. दुकानदारानं मोबाइलमधला फोटो दोन बोटांनी मोठा करून बघितला आणि म्हणाला, "काका, खालून ओल मारलीय." मी म्हटलं, "अहो, ओल काय पट्टी लावून रेघ मारून येते?" तर म्हणाला, वॉरंटी झिजण्यावर आहे, डागावर नाही. म्हणून मी ठरवलं की हा माल हिणकस आहे, वरचा थर नकली आहे, आणि जगाला सांगायचं. वरचं सगळं त्या रागात लिहिलंय.

इथपर्यंत लिहून चार दिवस ठेवलं होतं. आता पुढचं.

रविवारी पुतण्या आला, विलिंग्डन कॉलेजला केमिस्ट्री शिकतो. मी डाग दाखवायच्या आधी आईच कोपऱ्यातून म्हणाली, "अरे, माझी काठी टेकते तिथं पण आहे की तसलाच." बघितलं, तर कॉटच्या उशाशी, काठी रोज रात्री उभी करते तिथं, रुपयाएवढा तपकिरी गोल. काठीच्या बुडाला रबराचं बूच. पुतण्या एकदा गोलाकडं, एकदा चौकोनाकडं बघून हसायला लागला. चार महिने मी ज्याच्यावर डोकं आपटलं ते माझ्या आईनं कॉटवर बसल्या बसल्या सोडवलं.

त्यानं सांगितलं ते माझ्या शब्दांत असं. पीव्हीसी, म्हणजे हेच व्हिनाइल, मुळात कडक, पाण्याच्या पाइपासारखं. त्याच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतो आणि तो येतो मिठातून, म्हणून ते सहसा भडकून पेटत नाही. मऊ करायचं तर तेलासारखं प्लास्टिसायझर मिसळावं लागतं. १९२६ मध्ये अमेरिकेत वाल्डो सेमन नावाच्या माणसाला हे जमलं, आणि त्या कडक मालातून रेनकोट, रेक्झिन, वायरीवरचं आवरण, टेबलक्लॉथ, आपल्या चौकाचौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स, सगळा मऊ संसार सुरू झाला. दुसऱ्या बाजूला रबर. ते हवेनं आणि उन्हानं तडकू नये म्हणून त्यात रसायनं घालतात. ती रबरात बांधलेली नसतात, हळूहळू बाहेर झिरपतात. खाली व्हिनाइल असलं की त्यातल्या प्लास्टिसायझरमध्ये विरघळून आत मुरतात, आणि मग उजेड लागला की तपकिरी होतात. म्हणजे पायपुसणं होतं तोवर डाग फिकट होता, मी ते उचलून जागेला उजेड दिला आणि डाग शिजला. घासून जाणार कसा, तो मॅटच्या वर नाहीच, आत आहे.

"आणि हळद?" ही म्हणाली. ती पण आतच मुरते, पण तिचा रंग उन्हात टिकत नाही. हळदीच्या साड्या आपण सावलीत का वाळवतो?

नेलपॉलिशच्या पाण्यात ॲसिटोन असतं, ते व्हिनाइल फुगवतं, म्हणून चमक गेली. सोल्युशनही तेच करतं, दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकमेकांत मिसळून टाकतं. पाइपाला तेच हवं असतं. जाता जाता पुतण्यानं असंही सांगितलं की व्हिनाइल हा शब्द लॅटिनमधल्या वाइनवरून आलाय. मेव्हण्याला फोन करून कळवलं, तो म्हणाला, मग तर आमचाच माल.

मग मी मॅटबरोबर आलेला कागद शोधला. ट्रंकेत होता, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. मुलानं वाचला. त्यात चक्क लिहिलंय: रबराचं अस्तर असलेली पायपुसणी या मॅटवर ठेवू नयेत. म्हणजे कंपनीला माहीत होतं. दुकानात कागद गठ्ठ्यानं पडलेले असणार. आणि त्याच दुकानातून, त्याच पिशवीत, फुकट, रबराचं पायपुसणं.

दुसऱ्यांदा गेलो ते पायपुसणं काखेत मारून. कागद काउंटरवर ठेवला, त्यावर पायपुसणं ठेवलं, काही बोललो नाही. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती पण बघायला लागली. दुकानदारानं कागद वाचला. बहुतेक पहिल्यांदाच वाचत असावा, कारण त्यानं पोऱ्याला हाक मारून विचारलं, "आपण किती जणांना दिली रे ही?" पोऱ्या म्हणाला, "सगळ्यांनाच की." मग चहा आला. त्याच डिझाइनचा तीन बाय दोनचा तुकडा गोडाऊनमधून काढून त्यानं शंभर रुपयांना दिला. मी फुकट मागत होतो. फुकट या शब्दावर दोघंही जरा थबकलो, आणि मी शंभर दिले.

कारागिराचं काम बघण्यासारखं होतं. नवा तुकडा डागावर ठेवला, लाकडाच्या रेषा रेषांशी जुळवल्या, पोलादी पट्टी लावून धारदार पात्यानं दोन्ही थर एकदमच कापले. जुना चौकोन निघाला, नवा त्याच भोकात बरोब्बर बसला, कारण दोघांचं माप एकाच पात्याचं. तीनशे रुपये घेतले, कुरकूर न करता दिले. सांध्यात बोट फिरवलं तर लागत नाही. पण चौदा महिने पोछा खाल्लेली मॅट आणि गोडाऊनमधला तुकडा यांचा रंग एक कसा असेल? आधी गडद चौकोन होता, आता फिकट आहे. लोक अजून ओलांडूनच येतात.

तर मॅटवरचा माझा राग गेला. फरशी गार असेल, घरात म्हातारं माणूस असेल, नदीकाठी राहत असाल, तर घ्या. पट्टे जोडू नका, सुटे राहू द्या, पुराच्या वेळी कळेल का ते. सांध्यांत पुट्टी भरा. वर्षातून एकदा, पाऊस संपला की उचलून वाळवा. रबर काहीही नको, सिलिंडरच्या ट्रॉलीची चाकंसुद्धा तपासा. दारात सुती काहीतरी ठेवा. हिनं जुन्या लुगड्याचं शिवलंय. आईच्या काठीला मी जुना पायमोजा चढवलाय. ती म्हणते, काठी आता गुपचूप चालते, कुणाला कळत नाही मी उठले ते.

गल्लीतल्या त्या दोघांकडं जाऊन आलो. एकाकडं पायपुसणं दारातच होतं, उचलून बघितलं. पिवळट चौकोन. परत ठेवलं आणि त्यांना म्हटलं, पडदा लावून ठेवा, मग सांगतो सगळं.

आमचं ते रबराचं पायपुसणं आता बाहेरच्या पायरीवर आहे, शहाबादीवर. जुलैनंतरचा पावसाळा उघड्यावर काढला त्यानं. एक कोपरा उचललेला नाही, कुठं चीर नाही, चप्पल घासली की चिखल बरोबर सुटतो. २५० ला काही वाईट नाही.