टायटॅनियावर कोणता धातू बसवावा: चांदी, सोनं, प्लॅटिनम की तांबं?

कापड रंगवण्याच्या सांडपाण्यातले रंग प्रकाशाच्या मदतीने तोडणारा टायटॅनिया (टायटॅनियम डायऑक्साइड) हा उत्प्रेरक घेऊन प्रकल्प करायचा ठरला की धातू निवडण्यापाशी गाडी अडते. नुसता टायटॅनिया (अ‍ॅनाटेज या स्फटिकरूपातला) साधारण 387 नॅनोमीटरच्या आतल्या अतिनील प्रकाशावरच चालतो आणि उन्हात तसा प्रकाश जेमतेम 4-5 टक्के असतो. त्यातही सुटलेला इलेक्ट्रॉन आणि मागे राहिलेली पोकळी लगेच पुन्हा एकत्र येतात. धातूचा नॅनोकण तो इलेक्ट्रॉन ओढून घेतो, म्हणून पोकळीला रंगाचे रेणू तोडायला सवड मिळते.

बहुतेक जण चांदी घेतात, कारण ती बसवणं सोपं. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात टायटॅनिया ढवळायचा, थोडं मिथेनॉल घालायचं, यूव्ही दिवा लावायचा. पांढरी पूड डोळ्यांदेखत तपकिरी-करडी होते. ऊर्ध्वपातित पाण्यात निकालही छान येतात. पण इचलकरंजीतल्या एखाद्या प्रोसेस हाउसचं (कापड रंगवणाऱ्या कारखान्याचं) पाणी वेगळं असतं. सुती कापडावर रिअ‍ॅक्टिव्ह रंग चढवायला भरपूर मीठ लागतं, आणि त्यातल्या क्लोराइडमुळे चांदीचं हळूहळू सिल्व्हर क्लोराइड होतं. सुटलेले चांदीचे आयन माशांना घातक, शिवाय पुढच्या जैविक टाकीतले जिवाणूही मारतात. खऱ्या सांडपाण्यासाठी मी चांदी सुचवणार नाही.

सोनं टिकतं आणि 520-550 नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतं. दृश्य प्रकाशातली यंत्रणा अभ्यासायची असेल तर तेच घ्या. फक्त तापवण्याआधी सोन्याच्या क्षारातून आलेलं क्लोराइड नीट धुवून काढा, नाहीतर कण एकत्र येऊन मोठे होतात. प्लॅटिनम इलेक्ट्रॉन उत्तम ओढतं, पण ते हायड्रोजन बनवणाऱ्यांसाठी ठेवावं. सांडपाण्याला ते परवडत नाही.

माझा कल तांब्याकडे आहे. स्वस्त आहे, हवेत ऑक्साइड झालं तरी तो ऑक्साइड दृश्य प्रकाश शोषतो. आम्लधर्मी पाण्यात ते विरघळतं, पण रिअ‍ॅक्टिव्ह रंगाचं पाणी बहुधा अल्कधर्मी असतं. तरीही प्रत्येक फेरीनंतर पाण्यात किती तांबं उतरलं ते मोजाच.

धातू कुठलाही असो, वजनाने अर्धा ते दोन टक्के यांदरम्यान सुरुवात करा. जास्त झाला तर तो प्रकाश अडवतो. चाचणीसाठी वापरतात त्या मिथिलीन ब्लूचा रंग गेला एवढ्यावर समाधान मानू नका. तो रंग स्वतःच प्रकाश शोषून टायटॅनियाला इलेक्ट्रॉन देतो, त्यामुळे उत्प्रेरक आहे त्यापेक्षा चांगला वाटतो. फिनॉलसारखा रंगहीन पदार्थ सोबत तपासा आणि टीओसी (पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनची मोजणी) करून घ्या.