जुनी शिडाची होडी नाशिकला आणताय? सर्व्हेअरच्या सेवेबद्दल आमचं मत

मुंबईतली वापरलेली जे-२४ (चोवीस फुटी शिडाची होडी) किंवा तशीच फायबरची होडी गंगापूर धरणावर आणायची असेल, तर सर्व्हेचा, म्हणजे तज्ज्ञाकडून होडी तपासून घेण्याचा, खर्च टाळू नका. फक्त कोणता सर्व्हे घ्यायचा ते आधी ठरवा. विकणारा सहसा विम्याच्या सर्व्हेचा कागद पुढे करतो. त्यात होडी विमा देण्याजोगी आहे का, तिची किंमत किती, अग्निशामक आणि पाणी उपसायचा पंप चालतो का, एवढंच असतं. खरेदीसाठी तो पुरत नाही.

पैसे वसूल होतात ते खरेदीपूर्व सर्व्हेत. होडी पाण्याबाहेरच हवी. सर्व्हेअर प्लास्टिकच्या हातोडीने तळ वीत-वीत ठोकत जातो. खणखणीत आवाज आला तर फायबरचे थर घट्ट. बद्द आला तर थर सुटलेत किंवा थरांमधलं हलकं बाल्सा लाकूड भिजलंय. जे-२४ च्या तळात आणि डेकमध्येही (होडीच्या वरच्या पृष्ठभागात) बाल्सा असतो, त्यामुळे डेकवरच्या प्रत्येक बोल्टभोवती ठोकून घ्या. पाणी तिथूनच शिरतं. ओलावामापकाच्या आकड्यावर मात्र डोळे झाकून विश्वास नको. होडी त्याच दिवशी वर काढली असेल तर आकडा चढाच येतो, आणि तळाच्या रंगातलं तांबंही त्याला फसवतं. थोडा रंग खरवडून, होडी काही दिवस सुकवून मग मोजणारा सर्व्हेअर चांगला.

कील (तळाखालचं जड पातं) आणि तळाच्या सांध्यात भेग दिसली, किंवा कीलच्या मागच्या टोकाजवळ आतल्या आडपट्ट्यांना तडे दिसले, तर होडी कधीतरी खडकावर आपटलेली असू शकते. तळावर फोड असतील तर एक फोडून बघायला सांगा. आंबट, व्हिनेगरसारखा वास म्हणजे ऑस्मोसिस, म्हणजे फायबरमध्ये पाणी मुरून फोड येणं. हे नाशिककरांनी जास्त मनावर घ्यावं, कारण गोड्या पाण्यात ते खाऱ्या पाण्यापेक्षा जोमाने वाढतं.

डोलकाठी आणि तिला ताणून धरणाऱ्या तारांच्या सर्व्हेला वेगळे पैसे पडतात. तो करून घ्याच, पण वेळ साधून. कसारा घाटातून ट्रेलर आणायचा तर डोलकाठी उतरवावीच लागते. ती आडवी असताना तारांची दाबून बसवलेली टोकं भिंगाखाली बघता येतात. गंजाची तपकिरी रेघ, केसाएवढी चीर किंवा तुटलेला एक धागाही पुरे, तार बदला. दहा-पंधरा वर्षांच्या तारा वरून चकचकीत दिसल्या तरी बऱ्याच विमा कंपन्या त्या बदलायला लावतात, आणि ते योग्यच आहे. स्टेनलेस स्टील हवा न लागणाऱ्या ओल्या सापटीत आतून खातं.

नुकसानीचा सर्व्हे अपघातानंतरचा: कारण काय, दुरुस्ती किती. वाटेत ट्रेलरवर तळ घासला तर तोच लागेल, म्हणून चढवण्याआधीचे फोटो तारखेसह ठेवा. इंजिन यातल्या कुठल्याच सर्व्हेत उघडत नाहीत, त्यासाठी मेकॅनिक वेगळा.

अहवाल हातात आला की आधी 'बघता न आलेले भाग' ही यादी शोधा. ती नसेल तर पैसे देण्याआधी मागून घ्या.