तडजोड की निवाडा : मोटार अपघाताच्या दाव्यात लोकअदालतीचा प्रस्ताव आल्यावर

दावा कोल्हापूरच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दाखल झालेला आहे, पंचनामा, उपचारांची बिले आणि अपंगत्वाचा दाखला जोडून झाला आहे, आणि येत्या राष्ट्रीय लोकअदालतीत प्रकरण मिटवण्याची तयारी विमा कंपनीने कळवली आहे, अशा टप्प्यावरच्या दावेदारासाठी हा आढावा आहे. दावा कोठे व कसा दाखल करावा, याची माहिती वाचकाला आहे असे मी धरून चालतो. मी वकील नाही. शिवाजी उद्यमनगरात लेथवर जॉबवर्क करणारा माझा लहानसा कारखाना आहे, आणि पायाच्या नडगीत रॉड बसल्यानंतर हीच निवड मला करावी लागली. मी प्रस्ताव नाकारला व निवाड्यापर्यंत थांबलो. प्रत्येकाने तसेच करावे असे माझे म्हणणे नाही, तरी माझा कल कोणत्या बाजूला आहे हे वाचकाला पुढे दिसेलच.

तिसऱ्या वाटेबद्दल थोडक्यात सांगून पुढे जातो. मोटार वाहन कायद्यातील, 2019 च्या दुरुस्तीनंतरचे आणि 1 एप्रिल 2022 पासून लागू असलेले कलम 164 मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये देते, व त्यासाठी समोरच्या चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. मात्र कलम 149 च्या प्रक्रियेने ही रक्कम स्वीकारली की न्यायाधिकरणातील दावा संपतो. ज्यांचे कायमचे अपंगत्व किरकोळ आहे किंवा दोष कोणाचा हेच ज्यांना दाखवता येणार नाही, त्यांच्यासाठी ती सोय ठीक आहे. मिळवत्या माणसाच्या कामावर परिणाम करणाऱ्या दुखापतीला अडीच लाख सहसा अपुरे पडतात.

लोकअदालतीचे गुण खरे आहेत आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजेत. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 21 प्रमाणे तेथील निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच मानला जातो आणि त्यावर अपील होत नाही. याचा अर्थ असा की विमा कंपनीने एकदा पुरसिसवर, म्हणजे तडजोडीच्या लेखी निवेदनावर, सही केली की रक्कम वादातून सुटते. साक्षीपुरावा नाही, उलटतपास नाही, डॉक्टरांच्या तारखेची वाट पाहणे नाही. कसबा बावड्याच्या न्याय संकुलात लोकअदालतीच्या दिवशी ज्या सौजन्याने पॅनेलवरील मंडळी दोन्ही बाजूंचे ऐकून घेतात, ते नेहमीच्या तारखेला गर्दीत उभ्या असलेल्या पक्षकाराच्या वाट्याला क्वचितच येते. घरात कर्ता माणूस अंथरुणावर आहे, सोसायटीचे हप्ते थकले आहेत, मुलांची फी भरायची आहे, अशा घराला आज मिळणारे चार रुपये चार वर्षांनी मिळणाऱ्या सहा रुपयांपेक्षा मोठे असू शकतात, आणि तो हिशेब बाहेरच्या कोणी चुकीचा ठरवू नये.

असे असूनही मी मागे फिरलो, ते एका त्रासदायक गोष्टीमुळे. लोकअदालतीपूर्वी झालेल्या बैठकीत विमा कंपनीच्या अधिकाऱ्यांनी फाइल चाळली, कॅल्क्युलेटरवर काहीतरी केले आणि कागदाच्या चिटोऱ्यावर पेन्सिलीने एक आकडा लिहून तो टेबलावरून माझ्या वकिलांकडे सरकवला. आकडा हजारांत पूर्ण केलेला होता. यात उत्पन्नाचे नुकसान किती, पुढे रॉड काढण्याच्या शस्त्रक्रियेचे किती आणि दावा दाखल केल्यापासूनचे व्याज किती, असे मी विचारले. “सगळं धरूनच आहे, साहेब,” असे उत्तर मिळाले. मी पुन्हा विचारल्यावर आकडा थोडा वाढला, मात्र तो कशामुळे वाढला हेही कोणी सांगितले नाही. त्यात उद्धटपणा कोणाचाच नव्हता; पद्धतच तशी पडून गेली आहे. पण आमच्या उद्यमनगरात शाफ्ट टर्निंगच्या कोटेशनमध्येसुद्धा माल, मजुरी आणि जीएसटी वेगळे दाखवल्याशिवाय गिऱ्हाईक होकार देत नाही. ज्या आकड्याची फोड मला करता येत नाही तो कमी आहे की पुरेसा, हे ठरवायचे तरी कशाच्या आधारावर?

हा केवळ मनाचा हट्ट नव्हता, कारण न्यायाधिकरणाची पद्धत नेमकी फोड करण्याची आहे. सरला वर्मा प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 च्या निकालाने वयानुसार गुणक, म्हणजे वार्षिक उत्पन्नाला ज्या संख्येने गुणायचे तो आकडा, ठरवून दिला. 36 ते 40 वयासाठी तो 15 आहे, 41 ते 45 साठी 14. प्रणय सेठी प्रकरणात 2017 मध्ये घटनापीठाने भविष्यातील उत्पन्नवाढीचे प्रमाण ठरवले आणि स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या चाळिशीच्या आतील व्यक्तीच्या उत्पन्नात 40 टक्के भर घालण्यास सांगितले. ही वाढ मृत्यूच्या दाव्यांपुरती नसून कायमच्या अपंगत्वाच्या दाव्यांतही द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये पप्पू देव यादव प्रकरणात स्पष्ट केले. आता समजा, जखमीचे वय 38 आहे, मासिक उत्पन्न 20,000 रुपये आहे आणि कमावण्याची क्षमता 15 टक्क्यांनी घटली आहे. वाढ धरून मासिक उत्पन्न 28,000 होते, वर्षाचे 3,36,000, त्याला 15 ने गुणून 50,40,000, आणि त्याचे 15 टक्के म्हणजे 7,56,000 रुपये. हीच वाढ गुपचूप वगळली तर आकडा 5,40,000 वर येतो. त्यातच क्षमतेतील घट 15 ऐवजी 10 टक्के धरली तर उरतात 3,60,000. “सगळं धरून” या दोन शब्दांत निम्म्याहून अधिक रक्कम गळून जाऊ शकते, आणि चिटोऱ्यावर त्याचा मागमूसही राहत नाही. माझ्या प्रस्तावात नेमके काय वगळले होते हे मला आजही ठामपणे सांगता येणार नाही. माझी तक्रार नेमकी तीच आहे.

टक्क्यांचा प्रश्न यात सर्वांत नाजूक आहे. दाखल्यावर पायाचे किंवा हाताचे जे प्रमाण लिहिलेले असते ते आणि कमावण्याच्या क्षमतेतील घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक उदाहरणांनिशी मांडला आहे : हात गमावलेला सुतार किंवा चालक आणि हात गमावलेला कारकून यांचे उत्पन्नाचे नुकसान सारखे नसते. लेथसमोर दिवसभर उभे राहून काम करणाऱ्याच्या नडगीचे मोल बैठे काम करणाऱ्याच्या नडगीहून वेगळे धरले पाहिजे. मला हे न्यायाधिकरणापुढे साक्षीत सांगता आले, कारखान्याचे फोटो, जॉबवर्कची चलने आणि मदतनिसाला दिलेल्या पगाराच्या नोंदी दाखवता आल्या. तडजोडीच्या टेबलावर मात्र दाखल्यावरचा आकडा हीच कमाल मर्यादा धरली जाते आणि घासाघीस तिच्या खालीच चालते, असा माझा तरी अनुभव आहे. ज्यांचे उत्पन्न दूध संस्थेच्या बिलांवर, उसाच्या पट्टीवर किंवा रोजंदारीवर आहे त्यांनी तर याचा जास्तच विचार करावा, कारण कागद नीट लावले नाहीत तर किमान वेतनाच्या आसपासचे उत्पन्न धरण्याकडे दोन्ही ठिकाणी कल असतो. फरक इतकाच की न्यायाधिकरणात ते कागद पुराव्यात वाचले जातात.

निवाड्याची वाट सोपी होती असे मात्र मी म्हणणार नाही. अपंगत्वाचा दाखला देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीसाठी आणणे हे त्यातले सर्वांत कंटाळवाणे काम. समन्स निघते, डॉक्टर शस्त्रक्रियेत असतात, तारीख पडते. पुढच्या वेळी डॉक्टर येतात आणि विमा कंपनीचे वकील मुदत मागतात. निवाडा झाल्यावरही सगळी रक्कम लगेच हातात येत नाही, कारण तिचा काही भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवण्याचा आदेश बऱ्याचदा होतो. अशिक्षित दावेदाराचे पैसे कोणी लुबाडू नयेत हा त्यामागचा हेतू योग्य आहे, तरी ज्याला यंत्राचे कर्ज फेडायचे आहे त्याला ही काळजी जाचक वाटते. मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई थेट दावेदाराच्या बँक खात्यात जमा करण्याचे निर्देश दिल्यामुळे निदान चेकसाठी होणाऱ्या खेपा तरी कमी व्हाव्यात.

वेळ जातो, पण तो सगळा फुकट जात नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 171 खाली दावा दाखल केल्याच्या तारखेपासून व्याज देता येते. वरच्या उदाहरणातील 7,56,000 वर साध्या 7 टक्के दराने चार वर्षांचे व्याज 2,11,680 रुपये होते. तडजोडीच्या एकरकमी आकड्यात हे व्याज आपसूक विरघळून जाते. “चार वर्षे कशाला थांबता” असे सांगताना त्या चार वर्षांचा हा मोबदला कोणी बोलून दाखवत नाही.

पूर्वी लोकअदालतीच्या बाजूने सर्वांत वजनदार मुद्दा अपिलाचा होता. विमा कंपनी मुंबई उच्च न्यायालयात जाईल, तुम्ही महालक्ष्मी एक्सप्रेसने किती वेळा ये-जा करणार, तिथल्या वकिलाची फी कुठून आणणार, हे ऐकले की भला माणूसही चिटोऱ्यावरच्या आकड्याला मान डोलवत असे. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाले आणि या भीतीची धार बरीच बोथट झाली. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणे आता भाऊसिंगजी रोडवरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत चालतात. वकिलांनी आणि नागरिकांनी चार दशकांहून अधिक काळ ज्यासाठी आंदोलने केली, त्याचा लाभ अशा लहान दावेदाराला किती होईल याची चर्चा मात्र फारशी झालेली दिसत नाही. अपील झालेच तरी माझे वकील तेच राहतात, फाइल त्याच कपाटात राहते, आणि सुनावणीला मला कारखाना अर्धा दिवसच बंद ठेवावा लागतो. शिवाय निवाड्याच्या अंमलबजावणीला स्थगिती मागणाऱ्या कंपनीला उच्च न्यायालय सहसा रक्कम भरायला लावते आणि त्यातील काही भाग दावेदाराला काढू देते, त्यामुळे अपील म्हणजे पूर्ण उपासमार असे समीकरण उरत नाही. बेंचवर प्रकरणांचा ढीग वाढला तर हे चित्र बदलूही शकेल. आज तरी मला ते असे दिसते.

माझ्या प्रकरणात निवाड्याची रक्कम व्याजासह शेवटच्या प्रस्तावाच्या दीडपटीहून काहीशी अधिक निघाली. एका प्रकरणावरून नियम काढता येत नाही, हे मला समजते. पण रक्कम जरी प्रस्तावाइतकीच निघाली असती तरी निवाड्यात उत्पन्न, वाढ, गुणक, टक्केवारी, उपचार, वेदना आणि पुढची शस्त्रक्रिया हे सगळे वेगवेगळ्या ओळींत लिहिलेले होते, आणि कोणती ओळ मला अमान्य आहे हे वकिलांना बोट ठेवून सांगता येत होते. मला त्याचे मोल रकमेइतकेच वाटते.

ज्याला थांबायचे नाही पण चिटोऱ्यावर विश्वासही ठेवायचा नाही, त्याने न्यायालयामार्फत होणाऱ्या मध्यस्थीचा विचार जरूर करावा. 2025 च्या जुलै ते सप्टेंबर या काळात देशभर राबवलेल्या मध्यस्थी मोहिमेत मोटार अपघाताचे दावेही घेतले गेले होते. लोकअदालतीच्या दिवसाची घाई तेथे नसते आणि फोड करून मागायला सवड मिळते. डॉक्टरांची साक्ष नोंदवून झाल्यानंतर तडजोडीला बसणे हाही मधला मार्ग आहे. तोपर्यंत टक्केवारी रेकॉर्डवर आलेली असते आणि प्रस्तावाचा सूर बदलतो, असे मी इतर दावेदारांकडूनही ऐकले आहे.

काही दाव्यांत मात्र मी स्वतःही लोकअदालतच सुचवीन. पंचनाम्यात दावेदाराचाही दोष दिसत असेल, एकमेव साक्षीदार फिरण्याची शक्यता असेल, दुखापत पूर्ण भरून आली असेल, किंवा दावाच अपघातानंतर सहा महिन्यांच्या मुदतीबाहेर दाखल झाला असेल, तर थांबण्यात जोखीम आहे. मुदतीच्या कलम 166(3) ला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयापुढे आहे, आणि केवळ मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर 2025 मध्ये झालेला आहे. पण अंतरिम आदेशावर घराचे गणित मांडू नये. अशा दावेदाराने समोर आलेली रक्कम घ्यावी. फक्त तडजोडीच्या पुरसिसमध्ये रक्कम जमा करण्याची तारीख, त्या तारखेनंतर लागणारे व्याज आणि स्वतःच्या खात्याचा क्रमांक वकिलांकडून लिहून घ्यावा, कारण पैसे वेळेवर आले नाहीत आणि वसुलीसाठी दरखास्त दाखल करावी लागली, तर तिला आधार या तीन ओळींचाच असतो.