उजाड उतारावर झाडं की गवत?

उजाड उतार दिसला की झाडं लावावीत असं आपोआप वाटतं. पण आधी एक ठरवा: खालच्या ओढ्याला पाणी हवंय की वरची माती धरून ठेवायचीय? दोन्हींना एकच उत्तर नाही.

पाण्याच्या बाबतीत गवत उजवं. झाडांची मुळं खोलवरचं पाणी ओढतात, सदाहरित असतील तर वर्षभर बाष्प सोडत राहतात. दक्षिण आफ्रिकेत मोकोबुलान इथल्या गवताळ पाणलोटात १९६९ साली निलगिरी लावली. तिसऱ्या वर्षी ओढ्याचा प्रवाह घटला, नवव्या वर्षी ओढा पूर्ण आटला. दुसऱ्या पाणलोटात १९७१ साली पाइन लावले, तिथं ओढा बाराव्या वर्षी आटला. निलगिरी सोळा वर्षांची झाल्यावर तोडली, तरी ओढा पुन्हा बारमाही व्हायला आणखी पाच वर्षं गेली. धडधाकट गवताळ जमिनीवर दाट लागवड करू नये, असं मला ठामपणे वाटतं.

खुरांखाली दबून टणक झालेल्या जमिनीची गोष्ट मात्र वेगळी. तिथं पाऊस मुरतच नाही. मुळं आणि पालापाचोळा ती भुसभुशीत करतात, मग झाडं पितात त्याहून जास्त पाणी खाली मुरू शकतं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या बुर्किना फासोमधल्या अभ्यासात भूजल सर्वाधिक भरलं ते विरळ झाडी असताना. झाडं नसलेल्या जमिनीत कमी, दाट झाडीतही कमी. अशा जागी गवतात अधूनमधून झाडं, हा मधला मार्ग मला सर्वांत पटतो.

मातीला झाडाच्या सावलीचा उपयोग नाही, खाली पडलेल्या पाल्याचा आहे. उंच फांदीवरून गळणारा थेंब पावसाच्या थेंबापेक्षा टपोरा असतो आणि सात-आठ मीटर उंचीवरून येताना चांगलाच वेग घेतो. पाला झाडून किंवा जाळून नेला, तर झाडांखालीही माती वाहून जाते. माती राखायचं पाल्याचं हे काम दाट गवतही तितक्याच चोखपणे करतं. दरड सुटण्याची भीती असेल तिथं मात्र खोल मुळांची झाडंच हवीत, आणि ती एकदम तोडू नयेत: जुनी मुळं कुजलेली आणि नव्यांनी अजून पकड घेतलेली नाही, अशी काही वर्षं उतार सर्वांत कमकुवत असतो.

कुरण ठेवायचं ठरलं तर फिरती चराई की सलग, यावर फार वेळ घालवू नका. जनावरं किती, यावरच बहुतेक सगळं अवलंबून आहे. कोरड्या वर्षी ती कमी करता येणार नसतील तर कुरण टिकणार नाही. जंगल ठेवायचं ठरलं तर रस्ते जपून काढा. ओढ्यात उतरणाऱ्या गाळाचा मोठा वाटा बहुधा झाडतोडीचा नसतो, लाकूड वाहून नेणाऱ्या कच्च्या रस्त्यांचा असतो.

रोपं मागवण्याआधी एका जोरदार पावसात उतारावर उभं राहून बघा, गढूळ पाणी नेमकं कुठून सुरू होतंय. ते रस्त्यावरून किंवा जनावरांच्या वाटेवरून येत असेल, तर आधी त्याचाच बंदोबस्त करा.