अप्रत्यक्ष कथनात काळ मागे न्यावा की तसाच ठेवावा?

मराठीत ‘ती म्हणाली की मी आजारी आहे’ असे सांगताना मूळ वाक्याचा वर्तमानकाळ आपण हलवत नाही, म्हणून इंग्रजीतही ‘शी सेड शी इज इल’ असे सहज लिहिले जाते. ते नेहमीच चूक नसते, आणि हे विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितले जाते याची मला खंत वाटते. ‘शी सेड शी वॉज इल’ हे रूप मात्र जवळजवळ सर्वत्र चालते. कथनाचे क्रियापद भूतकाळी असले की आतले क्रियापद एक पायरी मागे जाते, म्हणजे ‘इज’चे ‘वॉज’, ‘विल’चे ‘वुड’ आणि ‘हॅज गॉन’चे ‘हॅड गॉन’ होते.

‘इज’ ठेवणारा लेखक ती अजूनही आजारी असल्याचे सुचवतो, तर ‘वॉज’ लिहिणारा त्याविषयी काहीच ठरवत नाही. ऐकलेली गोष्ट आपल्याला पटलेली नसेल, तर ‘वॉज’च योग्य, कारण ‘इज’मुळे त्या विधानाची जबाबदारी काही अंशी आपल्यावर येते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, यासारख्या कायम सत्याला दोन्ही रूपे चालतात. तिथे मी वर्तमानकाळच पसंत करतो. कथनाचे क्रियापद ‘सेज’ असेल, तर काळ बदलण्याचा प्रश्नच येत नाही.