एक्सपीएस फोमची तटबंदी: आठ महिने खेळल्यानंतर

टेबलावरच्या युद्धखेळातल्या 28 मिमी उंचीच्या सैनिकांसाठी सह्याद्रीतल्या किल्ल्यांच्या धाटणीचा संच: 30 सेंमीचे सहा तटाचे तुकडे, दोन बुरूज, एक दरवाजा. आत एक्सपीएस फोम (थर्मोकोलपेक्षा घट्ट, कोरता येणारा), वर पुट्टीचा लेप. आठ महिन्यांनीही दगडाचा पोत तसाच आहे. मार खाल्ला तो कडांनी, आणि सगळ्यात जास्त चर्यांनी, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या दात्यांनी.

आधी मापाचं बघा. या स्केलला, साधारण 1:56 धरलं तर, 8 मिमीचा दगड म्हणजे खऱ्या तटातला हातभर दगड. 15 मिमीचे कोरले की तट बुटका दिसायला लागतो. आडवे थर सरळ ठेवा, उभे सांधे एकाखाली एक येऊ देऊ नका. आधी सुरीने हलकी चीर, मग त्यातून बॉलपेन. नुसत्या पेनाची रेघ लेपाखाली बुजते. शेवटी चुरगळलेल्या फॉइलचा गोळा दाबून फिरवायचा आणि अधूनमधून एखादा दगड बोटाने आत ढकलायचा.

लेप असा: 3 भाग वॉल पुट्टी, 1 भाग फेविकॉल, 1 भाग चहाच्या गाळणीतून चाळलेली वाळू, आणि इडलीच्या पिठाइतकं सैल होईल एवढंच पाणी. फोमचा गुळगुळीत पृष्ठभाग 120 नंबरच्या पॉलिशपेपरने आधी खरवडलाच पाहिजे, नाहीतर लेप पापुद्र्यासारखा सुटतो. जाडी 1 मिमी पुरे. 2 मिमीच्या वर गेलात की तडे. सांध्यात भरलेला लेप ओला असतानाच टूथब्रशने काढा. मागची बाजूही लेपा, कारण वाळताना लेप आकसतो आणि एकाच बाजूला दिला तर 10 मिमीचा फोम धनुष्यासारखा वाकतो.

पहिला हात काळा ॲक्रिलिक आणि फेविकॉल समभाग. स्प्रेचा डबा नकोच: लेपातल्या टाचणीएवढ्या भोकातूनही सॉल्व्हंट आत जातं आणि फोम वितळून पोकळी होते.

काळा पाषाण नुसता करडा रंगवला की सिमेंटचा दिसतो. काळ्यात बर्न्ट अंबर मिसळा. त्यावर कोरड्या ब्रशने करडा, त्यात किंचित यलो ऑकर. फिकट रंग फक्त वरच्या कडांना. जंग्यांखाली (तटातल्या मारा करायच्या भोकांखाली) पाण्याचे काळपट ओघळ आणि पायथ्याला शेवाळी हिरवा, एवढ्याने तट पावसाळे काढलेला वाटतो. कोकणातला जांभा हवा असेल तर फॉइलऐवजी टूथपिकने भोकं पाडा आणि बर्न्ट सिएना वापरा.

आता चर्यांचं. धातूचा सैनिक एकदा आदळला की फोमच्या चर्येचा कोपरा गेलाच. त्या 3 मिमी एमडीएफच्या कापून, तोच लेप देऊन बसवल्यावर एकही तुटलेली नाही. फांजी, म्हणजे तटावरची चालायची वाट, 35 मिमी रुंद ठेवा. सैनिकाच्या पायाखालचा 25 मिमीचा बेस 30 मध्ये मावतो, पण भालेवाला वळवताना चर्येला घासतो.

वार्निश मॅट, पाण्याचं, ब्रशने दोन हात. पावसाळी दमट हवेत मारलेल्या स्प्रे वार्निशने एका बुरुजावर पांढुरकी झाक आली, तो परत रंगवावा लागला. ठेवताना दोन तुकड्यांमध्ये बटर पेपर घाला. उन्हाळ्यात रंगाला रंग चिकटतो आणि ओढला की लेपासकट निघतो.