१९६७ फोर्ड मस्टँग फास्टबॅक, २८९ व्ही-८: पत्र्यापासून उभी केल्यावर अकरा महिने, ३,२०० मैल

आधी निकाल सांगतो. अकरा महिन्यांत इंजिनाने एकदाही रस्त्यात उभं केलं नाही. जो त्रास झाला तो पाण्याचा, अर्थिंगचा, पेट्रोलचा, ब्रेकचा आणि रंगाचा. मस्टँग घ्यायला निघालेला माणूस मात्र पहिल्यांदा बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतो आणि तिथेच फसतो. २८९ चे (२८९ घनइंचाच्या या आठ सिलिंडरच्या इंजिनाचे) सुटे भाग आजही नवेकोरे मिळतात, कुठलंही चांगलं मशीन शॉप ते इंजिन बांधून देतं. खिसा रिकामा होतो तो सडलेल्या पत्र्यापायी.

गाडी न्यू जर्सीची. कारखान्याने तिच्यावर ठोकलेला नंबर (व्हीआयएन) सुरू होतो ७टी०२सी ने. ७ म्हणजे १९६७, टी म्हणजे मेटचन कारखाना, ०२ म्हणजे फास्टबॅक (छत मागे उतरत जाणारी गाडी) आणि सी म्हणजे दोन बॅरल कार्ब्युरेटरचं, २०० हॉर्सपॉवरचं २८९. नावाला मेटचन, पण हा कारखाना होता एडिसनमध्ये, रूट १ वर. २००४ मध्ये बंद झाला. आज एडिसनमध्ये राहणाऱ्या कितीतरी मराठी घरांपासून ही जागा हाकेच्या अंतरावर आहे. ज्यांना गाड्यांचं वेड आहे त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

आता किमतीचं. १९६७ च्या ४,७२,१२१ मस्टँगपैकी फास्टबॅक फक्त ७१,०४२. म्हणून फास्टबॅकचा भाव कूपेपेक्षा (साध्या छताच्या मस्टँगपेक्षा) बराच चढा, आणि म्हणूनच कूपेचं छत कापून फास्टबॅकचं बसवलेल्या गाड्याही विकायला येतात. नंबरात ०१ असेल तर ती कूपेच, वरचं छत काहीही असो. दारावरच्या पट्टीवर विसंबू नका, तशी पट्टी नवी बनवून मिळते. खरा नंबर डावीकडच्या आतल्या एप्रनच्या (इंजिनाशेजारच्या पत्र्याच्या) वरच्या कडेवर ठोकलेला असतो. बॉनेट उघडलं की मडगार्डच्या खाचेतून तो दिसतो. त्या आकड्यांभोवती वेल्डिंगची रेघ किंवा ग्राइंडरचे ओरखडे दिसले तर घासाघीस करत बसू नका, परत फिरा.

‘मॅचिंग नंबर्स’ (गाडीचा आणि इंजिनाचा नंबर जुळतो) म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर एक गोष्ट पक्की माहीत हवी: १९६७ मध्ये फोर्डने गाडीचा नंबर फक्त के कोडच्या हाय-परफॉर्मन्स २८९ वर ठोकला. सी किंवा ए (चार बॅरलच्या २८९ च्या) कोडच्या इंजिनावर तो नसतोच. तिथे जुळवायच्या त्या ओतकामाच्या तारखा. स्टार्टर काढला की ब्लॉकच्या उजव्या अंगाला कास्टिंग नंबर दिसतो. तारीख ‘७बी१४’ अशी असेल तर १९६७, फेब्रुवारी, १४ तारीख. ही तारीख गाडी बनल्याच्या तारखेच्या काही आठवडे आधीची हवी. नंतरची निघाली तर इंजिन बदललेलं आहे, एवढा साधा हिशोब. जीटी (फोर्डचं स्पोर्टी पॅकेज) आहे की नाही हे गाडीच्या नंबरावरून मुळीच कळत नाही. त्यासाठी मार्टी रिपोर्ट काढावा. १९६७ पासूनच्या गाड्यांचा तो फोर्डच्या मूळ नोंदींवरून मिळतो. फॉग लॅम्प आणि बिल्ले कोणीही लावू शकतं.

आणि सी कोडची गाडी पूर्ण उभी करायला घालाल तेवढे पैसे विकताना परत येतील असं धरून चालू नका. के किंवा ३९० घनइंचाचं मोठं, एस कोडचं इंजिन असेल तर गोष्ट वेगळी.

पत्र्याकडे येतो, कारण खरी किंमत तिथे ठरते. विंडशील्डच्या खाली हवेसाठी जाळी असते आणि तिच्याखाली काउल नावाची बंद पेटी. या पेटीत दोन्ही बाजूंना टोपीसारख्या उभ्या कॉलर असतात, त्यांतून हवा आत येते. पानं आणि माती साचून कॉलरचं बूड सडतं, आणि मग पावसाचं पाणी बाहेर वाहून न जाता थेट पायाशी पडतं. तपासणी फुकटची आहे. डॅशबोर्डखाली कोरडा पुठ्ठा अंथरा, जाळीवर बागेचा पाइप दोन मिनिटं धरा आणि आत टॉर्च घेऊन आडवं व्हा. पुठ्ठ्यावर आधी एखादा तपकिरी थेंब पडतो, मग हीटरच्या बाजूने धार लागते. नवं कार्पेट टाकलेल्या गाडीत ही तपासणी आधी करा. फ्लोअर वरून सडतो, खालून तो धडधाकट दिसू शकतो.

कॉलरवर नवी प्लास्टिकची टोपी आणि सीलंट लावून काम भागवतात, पण ते एखाद-दोन पावसाळ्यांचं. पक्कं काम म्हणजे पुढची काच, मडगार्ड आणि वायपर काढणं, शंभराहून जास्त स्पॉट वेल्ड कटरने सोडवणं, दोन्ही थर वेगळे करणं, नवा पत्रा बसवणं. जोडाच्या आतल्या बाजूंना वेल्ड-थ्रू प्रायमर लावल्याशिवाय मिटवू नका. काच बसवण्याआधी पुन्हा पाइप धरा. या गाडीत ते केलं आणि एका कोपऱ्यात सीम सीलर सुटलेला सापडला. काच बसल्यावर कळलं असतं तर सगळं पुन्हा खोलावं लागलं असतं.

फ्लोअर आणि टॉर्क बॉक्स (फ्लोअरच्या कोपऱ्यांतल्या मजबुतीच्या पेट्या) कापण्याआधी दाराच्या चौकटीत, बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत एक इंची चौकोनी नळी टाचून घ्या. या गाडीला वेगळी चॅसी नाही, पत्राच सगळं वजन पेलतो. आधार न देता कापलं की मधला भाग बसतो आणि मग दार आयुष्यभर ओढून लावावं लागतं. शॉक टॉवरमध्ये (पुढचं सस्पेन्शन धरणाऱ्या पत्र्याच्या मनोऱ्यात) वरच्या आर्मच्या बोल्टांभोवती केसासारख्या चिरा असतात. रंग खरवडल्याशिवाय त्या दिसत नाहीत. चिरा भरून एक्स्पोर्ट ब्रेस (दोन्ही टॉवरना काउलशी बांधणारी पट्टी) लावली आणि वरचा आर्म एक इंच खाली घेतला, तर वळणावरचा फरक पहिल्याच दिवशी कळतो. अलाइनमेंट मात्र जुन्या पुस्तकाप्रमाणे करू नका, ते आकडे जुन्या बायस (तिरप्या धाग्यांच्या) टायरचे. रेडियलला अर्धा अंश निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा माथा आत झुकलेला) आणि दोन-अडीच अंश पॉझिटिव्ह कॅस्टर (स्टिअरिंगचा आस मागे झुकलेला) दिल्यावर हायवेवर गाडी भटकायची थांबली.

इंजिनाबद्दल थोडक्यात: ०.०३० इंच ओव्हर बोअर (सिलिंडर तेवढे रुंद केले), एक्झॉस्टला कडक व्हॉल्व्ह सीट, आणि टायमिंगचं जुनं नायलॉनच्या दातांचं चक्र काढून पूर्ण स्टीलचा डबल रोलर संच. ते नायलॉन वयानुसार तुटतं आणि तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. फ्लॅट टॅपेट कॅम (झडपा उघडणारा, घासून चालणारा दांडा) असल्याने नवं इंजिन सुरू केल्यावर पहिल्या वीस मिनिटांत आरपीएम २,००० च्या खाली जाऊ द्यायचं नाही, आणि ऑइल कायम झिंकवालं. फिल्टरसकट पाच क्वार्ट.

आता वापरातल्या तक्रारी. पहिली, उन्हाळ्यात गाडी बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी सुरू करायला गेलं की स्टार्टर फिरत राहतो. कारण दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल कार्ब्युरेटरच्या वाटीत उकळतं. या इंजिनात कार्ब्युरेटरखालच्या स्पेसरमधून गरम कूलंट फिरवलेलं असतं, ते थंडीसाठी. तो पाइप बायपास केला, अर्ध्या इंचाचा फिनॉलिक (उष्णता अडवणारा) स्पेसर टाकला, फ्लोट किंचित खाली घेतला. त्रास जवळजवळ संपला. रबरी होजही इथेनॉल सोसणारे, जे३०आर९ छापलेलेच घ्या. साधे होज आतून भुगा होतात.

दुसरी, टेंपरेचर आणि पेट्रोलचे काटे एकदमच वर चढायचे. दोन्ही एकत्र हलले तर इंजिनात दोष शोधू नका. क्लस्टरमागचा छोटा व्होल्टेज रेग्युलेटर दोघांना सरासरी पाच व्होल्ट देतो, त्याचं अर्थिंग नीट लागलं नव्हतं. नवा रंग सुंदर दिसतो आणि तोच अर्थिंग तोडतो. इंजिनापासून फायरवॉलपर्यंतची (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापर्यंतची) पट्टी, बॅटरीची काळी वायर, क्लस्टरचा स्क्रू, या तिन्ही जागी रंग खरवडून दातेरी वायसर टाका.

तिसरी तक्रार धोक्याची. पुढे डिस्क ब्रेक बसवल्यावर वीसेक मैलांत पुढची चाकं हात लावता येणार नाही इतकी तापायची. ड्रमच्या मास्टर सिलिंडरात सुमारे १० पीएसआय दाब धरून ठेवणारा झडपेचा तुकडा असतो. डिस्कच्या लाइनवर तो तसाच राहिला तर पॅड सुटतच नाहीत. काढला, प्रश्न मिटला. जुने ड्रम खोक्यात भरून नावं लिहून ठेवलेत, विकताना ते गाडीबरोबर गेले की भाव पडत नाही.

रंगाचं मात्र अजून दुखतंय. छत आणि मागच्या क्वार्टर पॅनेलच्या जोडावर कारखान्याने शिसं भरलेलं असतं. रंगवणाऱ्याने त्यावरचा आम्ल फ्लक्स नीट धुतला नाही आणि पुट्टी ओढली. नवव्या महिन्यात जोडाच्या रेषेवर मोहरीएवढे फोड आले. ते उघडून, फ्लक्स निष्प्रभ करून, इपॉक्सी प्रायमरपासून पुन्हा करावं लागणार. काम देताना हा जोड कसा हाताळणार हे आधी विचारा आणि त्याचे फोटो मागा.

विमा ‘अ‍ॅग्रीड व्हॅल्यू’चाच (आधी ठरलेली रक्कम मिळणारा) घ्या, ‘स्टेटेड व्हॅल्यू’त कंपनी कमी रक्कम देऊ शकते. पावत्या आणि काउल उघडं असतानाचे फोटो त्यासाठी उपयोगी पडतात.

न्यू जर्सीत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं. शेवटच्या बर्फानंतर दोन दणकून पाऊस होईपर्यंत गाडी बाहेर काढलेली नाही. आणि ऑक्टोबरमध्ये, ओकची पानं गळाली की, व्हॅक्यूमची बारीक नळी जाळीच्या फटींवर फिरवायची. यंदा तिथून मूठभर पानं निघाली.